कॉमिकच्या लिलावात पहिली बोली लावण्याआधी

रद्दीच्या दुकानात गठ्ठे उलथेपालथे करून इंद्रजाल कॉमिक शोधणारा माणूस आणि पहाटे उठून अमेरिकेतल्या लिलावात शेकडो डॉलरची बोली लावणारा माणूस एकच असू शकतो. मी आहे. पहिल्या कामाला नजर लागते. दुसऱ्याला नजर लागतेच, वर गणितही लागतं, आणि ते गणित लिलाव उघडण्याआधी मांडून ठेवावं लागतं. बोली चढायला लागल्यावर कागद-पेन काढलंत, तर तुमचा आकडा तुम्ही ठरवत नाही, समोरचा ठरवतो.

बाजार मुख्यतः अमेरिकेचा आहे, म्हणून लेखातली उदाहरणंही तिथलीच. जून १९३८ हा महिना छापलेला ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक, म्हणजे सुपरमॅनचं पदार्पण, तेव्हा १० सेंटला मिळायचा. २०१४ मध्ये त्याची एक प्रत ईबे या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर ३२ लाख डॉलरला गेली, २०२४ मध्ये दुसरी एक प्रत हेरिटेज या डॅलसच्या लिलावगृहात ६० लाखांना. नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘सुपरमॅन’च्या पहिल्या अंकाने तिथेच ९१ लाख २० हजार डॉलर गाठले. या बातम्या वाचाव्यात, नातेवाइकांना सांगाव्यात आणि विसरून जाव्यात. नवख्याचा बाजार पन्नास ते हजार डॉलरचा, आणि माणूस चुकतो तोही तिथेच.

पायरी पहिली: नक्की काय विकायला ठेवलंय ते बघा

माझी शाळेची फी सांगतो. नोव्हेंबर १९७४ चा ‘इन्क्रेडिबल हल्क’ १८१ हा अंक वुल्वरिनच्या पहिल्या पूर्ण कथेसाठी प्रसिद्ध आहे. आदल्या, म्हणजे १८० व्या अंकात तो फक्त शेवटच्या पानावर डोकावतो. मला एका विक्रेत्याकडे १८१ ची सुटी, म्हणजे सीलबंद पेटीत नसलेली, प्रत दिसली. कव्हर चकचकीत, कणा सरळ, भाव बाजारापेक्षा बराच खाली. मी जिंकलो. अंक हातात आला, पानं उलटली, तर एका पानाला पोस्टाच्या तिकिटाएवढी खिडकी! त्या काळात मार्व्हलच्या अंकांत कापून चिकटवण्यासाठी ‘व्हॅल्यू स्टॅम्प’ छापत. कुणा पोराने १९७४ मध्ये प्रामाणिकपणे कात्री चालवली होती. विक्रेत्याने खोटं काहीच लिहिलं नव्हतं, आतल्या पानांचे फोटो फक्त दिले नव्हते. आणि मी मागितले नव्हते.

तेव्हापासून सुट्या प्रतीसाठी मी चार फोटो मागतो: पुढचं कव्हर, मागचं कव्हर, मधलं पान पिनांसकट, आणि त्या अंकात जे पान फाडलं किंवा कापलं जाण्याची शक्यता असते ते पान. फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर तिथे बोली लावत नाही, भाव कितीही गोड असो.

सुट्या प्रतीचा भरवसा वाटत नसेल तर ‘स्लॅब’ घ्या. फ्लोरिडातल्या सारासोटा इथली सीजीसी ही कंपनी २००० सालापासून अंक तपासून, ०.५ ते १०.० असा ग्रेड देऊन, प्लॅस्टिकच्या कडक पेटीत बंद करून परत पाठवते. नवखा माणूस नुसता आकडा वाचतो, पण आधी बघायचा तो लेबलाचा रंग. निळं म्हणजे साधी, बिनभानगडीची प्रत. पिवळं म्हणजे कंपनीच्या माणसासमोर केलेली सही. जांभळं म्हणजे डागडुजी केलेली: रंग भरलेला, तुकडा जोडलेला. हिरवं म्हणजे ग्रेड अमुक, पण एक मोठी खोट वेगळी नोंदलेली. माझ्या हल्कसारख्या कापलेल्या प्रती बहुधा इथे सापडतात. जांभळ्या लेबलाची ९.० निळ्या ९.० पेक्षा पुष्कळ स्वस्त मिळते, आणि ते योग्यच आहे. ती स्वस्तात मिळाली म्हणून आनंदी होणारे लोक मी पाहिलेत. आनंद विकायला काढेपर्यंत टिकतो.

ग्रेडच्या खाली पानांचा रंग लिहिलेला असतो: पांढरी, किंचित मळकट, सायीसारखी, आणि शेवटी ठिसूळ. ‘ठिसूळ’ शब्द दिसला की पुढे चला. पेटीही नीट बघा. कडा तडकलेल्या, घासलेल्या किंवा उघडून पुन्हा बसवल्यासारख्या वाटल्या तर शंका घ्या. पेट्या उघडून आतला अंक बदलण्याचे प्रकार २०२३ च्या अखेरीस उघडकीला आले, तेव्हापासून जुने संग्राहकही भिंग घेऊन बसतात. पेटीवरचा क्रमांक सीजीसीच्या संकेतस्थळावर टाकून पाहायला एक मिनिट लागतं.

फसवणुकीचा एक जुना नमुनाही माहीत असू द्या. डीसी कंपनीने १९७४ मध्ये ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाची मोठ्या आकारातली आवृत्ती काढली होती. तिचं बाहेरचं जाड कव्हर काढून टाकलं की आत हुबेहूब १९३८ चं कव्हर दिसतं. आजोबांच्या पेटीत सापडलेला पहिला अंक बऱ्याचदा हाच निघतो. मोजपट्टी लावली की भांडं फुटतं, कारण ही आवृत्ती साध्या कॉमिकपेक्षा बरीच मोठी आहे.

पायरी दुसरी: विकलेले भाव बघा, मागितलेले नव्हेत

ईबेवर ‘सोल्ड आयटम्स’ची खूण केली की प्रत्यक्षात झालेले सौदे दिसतात. खूण न करता दिसणारे आकडे विक्रेत्यांची स्वप्नं असतात. हेरिटेजच्या जुन्या लिलावांचे निकाल मोफत नोंदणी करून पाहता येतात. जीपीॲनॅलिसिस ही सेवा पैसे घेते, पण स्लॅब केलेल्या अंकांचे भाव ग्रेडनुसार मांडून देते. महिन्याला एकच अंक घ्यायचा असेल तर पहिल्या दोन ठिकाणी भागतं.

त्याच अंकाचे, त्याच ग्रेडचे, त्याच लेबलाचे शेवटचे पाच-सहा सौदे लिहून काढा. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा खोडा. उरलेल्यांत जो मधला, तो तुमचा ‘बाजारभाव’. ग्रेडच्या बाबतीत ढिलाई नको: ९.६ आणि ९.८ यांच्यात डोळ्यांना दिसणारा फरक जवळजवळ नसतो, भावात मात्र दुप्पट-तिपटीची दरी असू शकते. सौदे जुने असतील तर सावध राहा. २०२१ च्या सुमारास घरी बसलेल्या जगाने कॉमिकचे भाव शिगेला नेले होते, नंतर ते बरेच उतरले. त्या वर्षाचा निकाल दाखवून ‘बघा, इतक्याला गेला होता’ म्हणणारा विक्रेता तुम्हाला पावसाळ्यात मेच्या भावाने हापूस विकतोय.

पायरी तिसरी: खिशापासून उलटं मोजत या

ही पायरी सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात महत्त्वाची. समजा, या अंकावर सगळं धरून तुम्ही ९०,००० रुपये घालवायला तयार आहात. हिशेबापुरता डॉलर ९० रुपयांचा धरू, म्हणजे हाताशी १,००० डॉलर. आता तुम्ही १,००० ची बोली लावू शकता का? छे.

विम्यासकट टपाल ६० डॉलर धरा. कार्ड कंपनी परकी चलनावर ३.५ टक्क्यांपर्यंत आकारते, त्यावर जीएसटी, म्हणजे ४ टक्के गेले. सीमाशुल्क आणि कुरिअरवाल्याची हाताळणी यांसाठी मी १० टक्के बाजूला ठेवतो. २०१९ च्या अर्थसंकल्पात आयात पुस्तकांवर ५ टक्के शुल्क आलं, पण प्लॅस्टिकच्या पेटीतल्या महागड्या अंकाकडे अधिकारी कोणत्या नजरेने बघेल ते त्या दिवसावर असतं, म्हणून गाठीला थोडं जास्त असावं. या सगळ्यानंतर ईबेवर तुमची कमाल बोली भरते साधारण ८१५ डॉलर.

हेरिटेजसारख्या लिलावगृहात अजून एक पाहुणा असतो: बायर्स प्रीमियम. हातोडा ज्या आकड्यावर पडतो त्याच्यावर खरेदीदाराकडून आणखी साधारण २० टक्के घेतले जातात. मग तुमची बोली उतरते ६८० वर. पडताळून बघा: ६८० चे २० टक्क्यांसकट ८१६, टपाल धरून ८७६, त्यावर १४ टक्के चढवले की जवळपास १,०००. खिसा तोच, माणूस तोच, पण एका ठिकाणी ८१५ आणि दुसऱ्या ठिकाणी ६८०. हा फरक कागदावर न लिहिल्यामुळे जिंकल्यावर बायकोला वेगळा आकडा आणि बँकेला वेगळा आकडा सांगावा लागतो.

वर्तमानपत्रांत छापून येणारे विक्रमी आकडे बहुतेकदा प्रीमियम धरून असतात, हेही इथेच लक्षात घ्या. जुन्या निकालांची तुलना करताना दोन्ही बाजू एकाच मापात आणाव्या लागतात. कॉमिकलिंकसारख्या काही ठिकाणी खरेदीदाराकडून प्रीमियम न घेण्याची पद्धत आहे, पण अटी बदलत असतात, तेव्हा प्रत्येक लिलावाआधी त्या वाचा.

न्यू जर्सीत किंवा टेक्साससारख्या ठिकाणी बहीण-भाचा असेल तर अंक त्यांच्या पत्त्यावर मागवायचा मोह होतो. चालेल, पण तिथला राज्यकर लागतो. न्यू जर्सीत तो ६.६२५ टक्के आहे. ओरेगन आणि डेलावेअर राज्यांत विक्रीकर नाही. मावसभाऊ डेलावेअरमध्ये असेल तर त्याला दिवाळीचा फराळ वेळेवर पाठवत जा.

पायरी चौथी: लिलाव कोणत्या जातीचा आहे ते ओळखा

आपल्याकडे लिलाव काही नवा नाही. लासलगावला कांद्याची बोली उघड्यावर चढते, सगळ्यांना सगळं ऐकू येतं. हापूसच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा व्हायचा, आकडा दोघांनाच कळायचा. ईबेचा लिलाव या दोन्हींचं मिश्रण आहे. तुम्ही तुमचा कमाल आकडा यंत्राच्या कानात सांगता, आणि यंत्र तुमच्या वतीने गरजेपुरतीच बोली चढवत राहतं. तुम्ही ४२० डॉलर सांगितले आणि दुसऱ्याची कमाल ३०० असेल, तर त्या किमतीला बोलीचा टप्पा, म्हणजे एका वेळी चढणारी रक्कम, ५ डॉलरचा असल्यामुळे अंक तुम्हाला ३०५ ला मिळतो. उरलेले ११५ तुमच्याच खिशात.

किंमत दुसऱ्या क्रमांकाच्या माणसावर ठरते, ही गंमत नीट मुरवून घ्या. नावातच विक्री असलेल्या विल्यम विक्री या अर्थतज्ज्ञाने १९६१ मध्ये बंद लिफाफ्याच्या लिलावांसाठी हेच मांडलं होतं: जिंकणाऱ्याने दुसऱ्या क्रमांकाची बोली भरायची असेल, तर प्रत्येकाने आपली खरी किंमत सांगणंच फायद्याचं. १९९६ मध्ये त्याला नोबेल मिळालं. तेव्हा ‘थोडी कमी लावून बघू, मग वाढवू’ हा आपला बाजारी स्वभाव इथे उपयोगाचा नाही. कमी लावल्याने किंमत कमी होत नाही, फक्त हरण्याची शक्यता वाढते.

मग सगळे शेवटच्या दहा सेकंदांत का तुटून पडतात? कारण ईबेचं घड्याळ ठरलेल्या क्षणी थांबतं आणि माणसं विक्रींच्या पुस्तकाप्रमाणे वागत नाहीत. तुम्ही तीन दिवस आधी ८१५ लावलेत तर कुणीतरी पाच-पाच डॉलरने टोचत बसतो, त्याला चेव येतो, भाव चढतो. शेवटच्या क्षणी आलेल्या बोलीला उत्तर द्यायला त्याला वेळ उरत नाही. ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ मध्ये ईबेची तुलना ॲमेझॉनच्या तेव्हाच्या लिलावांशी केली होती. ॲमेझॉनवर उशिरा बोली आली की वेळ आपोआप वाढायची, आणि तिथे शेवटच्या क्षणाची झुंबड बरीच कमी होती.

यातूनच दुसरी जात समजते. न्यूयॉर्कच्या कॉमिककनेक्टसारख्या ठिकाणी अखेरच्या मिनिटांत बोली आली की घड्याळ पुढे सरकतं. तिथे टपून बसण्याला काही अर्थ नाही. तिथे लागते ती बसायची तयारी, आणि कागदावरचा आकडा आला की उठायची तयारी. दुसरी जास्त अवघड.

तिसरी जात हेरिटेजच्या मोठ्या लिलावांची. आधी काही आठवडे इंटरनेटवर बोल्या जमतात, मग ठरलेल्या दिवशी लिलाव पुकारणारा एकेक अंक पुकारतो. बोल्यांचे टप्पे मोठे असतात, वेग जबरदस्त. नवख्याने आधीच कमाल बोली भरून ठेवावी आणि थेट सत्र नुसतं बघावं. डॅलसला दुपारी एक वाजता सुरू झालेलं सत्र उन्हाळ्यात आपल्याकडे रात्री साडेअकराला सुरू होतं. झोपेत बोटं फार उदार होतात.

चौथी जात मोबाइलवरच्या थेट प्रक्षेपणाची, व्हॉटनॉटसारखी. विक्रेता कॅमेऱ्यासमोर अंक हलवतो, पंधरा-वीस सेकंदांचं घड्याळ पळतं, गाणी वाजतात. मजा आहे. पण तेवढ्या वेळात कणा, पिना, लेबल, जुने भाव यांतलं काहीच तपासून होत नाही. पहिल्या वर्षी इथे प्रेक्षक म्हणून बसा.

बोली नको असेल तर ठरीव किमतीवर ‘बेस्ट ऑफर’ असते. महिनोन्‌महिने न विकल्या गेलेल्या अंकावर बाजारभावाच्या पंधरा टक्के खाली, सभ्य भाषेत, एक ओळीच्या निरोपासकट ऑफर टाकली की बऱ्याचदा काम होतं. माझे निम्मे चांगले अंक लिलावात आलेले नाहीतच, असे आलेत.

पायरी पाचवी: बोली

अंक ‘वॉच’मध्ये टाका, बोली लावू नका. ईबेचं घड्याळ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचं. तिथल्या रविवारी संध्याकाळी सातला संपणारा लिलाव आपल्याकडे सोमवारी सकाळी साडेसातला संपतो, त्यांच्या हिवाळ्यात साडेआठला. ठाणे-सीएसटी लोकलमध्ये, मुलुंड-भांडुपच्या मध्ये मोबाइलचा सिग्नल जाऊन मी एक ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’ ३०० घालवलाय. त्या वेळी घरी बसा किंवा गिक्सनसारखी सेवा वापरा. ती तुमच्या वतीने शेवटच्या सेकंदांत बोली टाकते, मात्र तिला ईबेचा पासवर्ड द्यावा लागतो, तेव्हा तो इतर कुठे वापरलेला नसावा.

आकडा गोल नको. पुष्कळ लोक ८०० वर थांबतात. तुम्ही ८०३.५० लावलेत आणि समोरच्याची कमाल ८०० असेल, तर पूर्ण टप्प्याएवढा फरक नसतानाही अंक तुमचा. दोघांची कमाल सारखीच असली तर ज्याची बोली आधी नोंदली गेली तो जिंकतो. उशिरा येणाऱ्याने म्हणूनच चिल्लर जवळ ठेवावी.

बोल्यांचा इतिहास उघडून बघा. एकच अनोळखी खातं, फारसे जुने व्यवहार नसलेलं, त्याच विक्रेत्याच्या वस्तूंवर पुन्हा पुन्हा भाव चढवताना दिसलं तर तो विक्रेत्याचाच माणूस असण्याची शक्यता धरा आणि निघा. हरल्यावर दोन दिवसांनी ‘सेकंड चान्स ऑफर’ आली तरी लगेच उडी मारू नका. ती तुमच्या कमाल आकड्यावर येते. जिंकणाऱ्याने खरंच पैसे भरले नसतील, तर त्याने चढवलेला भाव तुम्ही का भरायचा? त्याला वगळून अंक ज्या भावाला गेला असता तो मोजा आणि विक्रेत्याला तेवढं विचारा. नाही म्हणाला तर नाही.

इंद्रजालवाल्यांसाठी वेगळं

वेताळ आणि मँड्रेकच्या अंकांचा बाजार या सगळ्यापासून दूर आहे. टाइम्स समूहाने इंद्रजाल कॉमिक्स मार्च १९६४ मध्ये सुरू केलं, १९९० मध्ये बंद केलं, एकूण ८०३ अंक. त्यांचे लिलाव होतात ते समाजमाध्यमांवरच्या गटांत: फोटो टाकायचा, रात्री दहापर्यंत खाली आकडे लिहायचे. जुन्या निकालांचा कोश नाही, स्लॅबची सवय नाही. म्हणजे बाजारभाव तुम्हालाच वहीत जमवावा लागतो. मी गेली काही वर्षं नुसते संपलेले लिलाव लिहून ठेवतो. मराठी अंक मला इंग्रजी-हिंदीपेक्षा कमी दिसतात, आणि दिसले की दोनच माणसं भांडतात. त्यातला एक मी.

इथे फोटोत वेगळ्या गोष्टी शोधायच्या. वाचनालयाचा शिक्का. गंजलेल्या पिना. सोडवून टाकलेली कोडी. आणि मुख्य म्हणजे बाइंडिंग: आपल्याकडे दहा-बारा अंक एकत्र शिवून घ्यायची पद्धत होती, बाइंडर तिन्ही कडा कापून सरळ करायचा. सुटे केलेले असे अंक समोरून देखणे दिसतात, पण कण्याला भोकं असतात आणि उंची मिलिमीटरभर कमी भरते. क्रमांकही तपासा. नंतरच्या काळात सलग क्रमांकाऐवजी वर्ष आणि अंक अशी मोजणी आली, त्यामुळे ‘अंक १२’ एवढंच लिहिलेलं असेल तर कोणत्या वर्षाचा ते विचारा.

जिंकल्यावर

पैसे त्याच दिवशी भरा. विक्रेत्याला दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, पाण्याने न भिजणाऱ्या पिशवीत पाठवायला सांगा. जूनमध्ये मुंबईच्या टपाल गोदामात काय काय भिजतं ते अमेरिकेतल्या माणसाला ठाऊक नसतं. पार्सल फोडताना पत्त्यापासून पेटीपर्यंत एका दमात व्हिडिओ घ्या, तक्रार करायची वेळ आली तर तोच कामाला येतो.

स्लॅब हवाबंद नसतो. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर अंक बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको, जमिनीलगतही नको. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि दर पावसाळ्याआधी बदला. माझा तो खिडकीवाला हल्क मात्र कपाटात नाही. तो फ्रेम करून लिहायच्या टेबलासमोर टांगलाय, आणि बोली लावायला बसलो की तो बरोबर डोळ्यांसमोर येतो.